हवेतला सूर आणि गळ्यातला सूर

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका घराच्या हॉलमध्ये आम्ही वीस-पंचवीस माणसे सतरंजीवर बसून एक वेगळाच प्रयोग ऐकत होतो. टेबलावर जाडजूड पुस्तकाएवढी एक लाकडी पेटी होती, तिच्या उजव्या बाजूने धातूची एक कांडी सरळ वर गेली होती आणि डाव्या बाजूला धातूचेच एक वेटोळे आडवे बसवलेले होते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला यजमानांचा मुलगा पेटीला स्पर्शही न करता दोन्ही हात हवेत हलवत होता, आणि स्पीकरमधून बाईच्या हुंकारासारखा, थोडा सारंगीकडे झुकणारा सूर निघत होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याची गायिका मैत्रीण मायक्रोफोनसमोर आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, आलाप करत होती. या दोघांच्या खाली लॅपटॉपमधून एक गुंजारव येत होता, कधी दाट, कधी इतका विरळ की बाहेरचा पाऊसच ऐकू यावा.

तेवढ्यात घरातल्या काकू चहाचा स्टीलचा ट्रे घेऊन पेटीजवळून गेल्या. त्या जवळ आल्या तसा सूर चढला आणि पुढे सरकल्या तसा उतरला. सगळे हसले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मोठ्यानेच विचारले, ‘‘बाळ, हे वाजवतोयस तू, का वहिनी?’’

त्या पेटीचे नाव थेरेमिन, आणि तो गुंजारव ज्या प्रकारात मोडतो त्याला ॲम्बियंट इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. अलीकडे मोबाइलवर असे तुकडे वरचेवर समोर येतात आणि ही हातचलाखी आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे की खरेच वादन आहे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. शिक्षकांच्या त्या थट्टेत या वाद्याचे जवळजवळ सगळे शास्त्र आलेले होते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जोडाच्या तारा आणि पंख्याचा कंडेन्सर

तानपुरा लावताना मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एका सुरात आणाव्या लागतात. त्या जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर आवाजात एक संथ हेलकावा ऐकू येतो. एक तार सेकंदाला २०० वेळा आणि दुसरी २०२ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे पडतात. सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. हेलकाव्यांची गती दोन कंप्रतांमधल्या फरकाएवढी असते, हे एवढे ध्यानात ठेवले की थेरेमिनचे निम्मे काम समजले.

थेरेमिनच्या पेटीत स्वराच्या उंचीसाठी दोन दोलक असतात. ठरावीक गतीने विजेची आंदोलने निर्माण करणाऱ्या मंडलाला, म्हणजे सर्किटला, दोलक म्हणतात. दोन्ही दोलक सेकंदाला काही लाख वेळा आंदोलतात, त्यामुळे त्यांपैकी एकही आपल्या कानाला ऐकू येत नाही. समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. पहिला दोलक ३,००,००० हर्ट्झवर पक्का बसवलेला आहे आणि दुसरा २,९९,७८० हर्ट्झवर चालला आहे. पेटीतले मंडल या दोघांना एकत्र करून त्यांच्यातला फरक तेवढा वेगळा काढते. तो फरक २२० हर्ट्झचा, म्हणजे अनेक गायिकांच्या षड्जाच्या आसपासचा सूर. आपल्याला ऐकू येतो तो हा फरक. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर सांगली आकाशवाणी लावताना काटा सरकवला की मधूनच जी शीळ ऐकू येत असे, तिचेही कूळ हेच.

आता हाताचा प्रश्न. पंखा फिरेनासा झाला की इलेक्ट्रिशियन ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो. तो कंडेन्सर म्हणजे मुळात मध्ये थोडे अंतर ठेवून समोरासमोर बसवलेले दोन वाहक पत्रे. त्यांच्यात विजेचा भार साठतो आणि अंतर कमी केले की साठवण वाढते. माणसाचे शरीरही विजेचे वाहक असल्यामुळे थेरेमिनची कांडी हा एक पत्रा आणि वादकाचा हात हा दुसरा पत्रा होतो. हात कांडीजवळ आला की साठवण अगदी सूक्ष्म वाढते, त्यामुळे दुसऱ्या दोलकाची गती किंचित मंदावते, पहिल्याशी असलेला फरक वाढतो आणि सूर चढतो. लाखोंच्या गतीत शेकड्यांचा फरक पडायला फारसे काही लागत नाही, म्हणून बोटाच्या पेराएवढ्या हालचालीनेही सूर हलतो. काकूंचा स्टीलचा ट्रे हा त्या संध्याकाळपुरता तिसरा पत्रा झाला होता.

डावीकडचे आडवे वेटोळे आवाजाचा जोर सांभाळते. हात वेटोळ्यापासून वर उचलला की आवाज वाढतो आणि खाली आणला की मावळतो. एका हाताने सूर आणि दुसऱ्याने श्वास, अशी ही वाटणी आहे.

सेलो वाजवणारा शास्त्रज्ञ

हे वाद्य कोणी ठरवून शोधले नाही. १९२०च्या सुमारास रशियातल्या पेट्रोग्राडच्या एका भौतिकशास्त्र संस्थेत लेव तेरमेन नावाचा तरुण संशोधक वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचे उपकरण तयार करत होता. आपला हात जवळ नेला की उपकरणाच्या आवाजाची उंची बदलते, हे त्याच्या लक्षात आले. एखाद्याने ही मोजमापातली कटकट समजून पत्र्याचे आवरण बसवले असते; पण तेरमेन सेलो शिकलेला होता आणि त्याने हात पुढेमागे करून सूर धरायला सुरुवात केली. १९२२ मध्ये त्याने ते वाद्य क्रेमलिनमध्ये लेनिनला वाजवून दाखवले, १९२८ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले आणि त्यानंतर आरसीए कंपनीने सुमारे ५०० वाद्ये बाजारात आणली. ती फारशी खपली नाहीत. स्पर्शावाचून वाजते म्हणजे वाजवायला सोपे असणार, हा समज घरी नेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच मोडत असला पाहिजे.

तेरमेन १९३८ मध्ये रशियात परतला, त्याला अटक झाली, आणि पुढे कैद्यांच्या प्रयोगशाळेत काम करताना त्याने बॅटरीशिवाय चालणारे, चोरून ऐकण्याचे एक यंत्र बनवले, जे मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताच्या घरात एका लाकडी राजमुद्रेत लपून १९४५ ते १९५२ अशी सात वर्षे टांगलेले होते. ही कथा सांगण्याचा मोह आवरत नाही, पण आपला विषय संगीत आहे.

संगीताच्या दृष्टीने या वाद्याला प्रतिष्ठा दिली ती क्लारा रॉकमोर यांनी. त्या मूळच्या व्हायोलिनवादक. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सुटले आणि त्या थेरेमिनकडे वळल्या. हवेत बोटांच्या ठरावीक मुद्रा करून स्वर नेमके पकडण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि तेरमेनकडून आपल्यासाठी तीनऐवजी पाच सप्तकांचे वाद्य करून घेतले. आजच्या पिढीत जर्मनीच्या कॅरोलिना आइक यांनी बोटांच्या स्थानांची स्वतंत्र पद्धत तयार केली आहे आणि थेरेमिनबरोबर स्वतःच्या गळ्याचे थर रचून केलेले कामही त्यांच्या नावावर आहे.

पार्श्वभूमीच पुढे येते तेव्हा

आता ॲम्बियंट या शब्दाकडे येऊ. या संगीतात ठळक चाल, ठेका आणि मुखडा बहुधा नसतो. त्यात आवाजाचा पोत आणि त्याचे संथ बदल ऐकायचे असतात. हे नाव रूढ केले ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने. १९७५च्या सुरुवातीला अपघातानंतर तो अंथरुणाला खिळून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने वीणेसारख्या हार्प या वाद्याची तबकडी लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज फार बारीक होता, उठून तो वाढवण्याची त्याच्यात ताकद नव्हती, आणि बाहेरच्या पावसात ती हार्प जेमतेम ऐकू येत होती. त्या असहाय अवस्थेत त्याला वाटले की संगीत खोलीतल्या उजेडासारखेही असू शकते. लक्ष दिले तर दिसावे, नाही दिले तरी असावे. १९७८ साली आलेली त्याची विमानतळांसाठीच्या संगीताची ध्वनिमुद्रिका ही या प्रकाराची पायाभूत कृती मानली जाते.

आपल्याकडे तानपुरा हेच काम कितीतरी आधीपासून करतो आहे, आणि हे म्हणताना परंपरेचा उगाच अभिमान मिरवण्याचा माझा हेतू नाही. तानपुऱ्याला चाल नाही, ताल नाही. घोडी आणि तार यांच्यामध्ये बसवलेला जवारीचा दोरा चिमूटभर सरकवला की एकाच तारेतून सुरांची आभा उमलते, आणि ती दर आवर्तनात थोडी वेगळी असते. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या मिरजेत हे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आपण मात्र तानपुऱ्याकडे गाण्याची बैठक म्हणून पाहतो. ही बैठकच मुख्य विषय झाली आणि गाणे तिच्यावर अधूनमधून उमटू लागले, तर जे ऐकू येईल ते ॲम्बियंटच्या बरेच जवळ असेल.

गळा आणि थेरेमिन एकमेकांसारखे का भासतात?

हार्मोनियमवर सा आणि कोमल रे या दोन पट्ट्या आहेत, त्यांच्या मधल्या सुरांना जागाच नाही. गळ्यात आणि थेरेमिनमध्ये अशा पट्ट्या नाहीत; एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला सगळा रस्ता चालावा लागतो. आपण ज्याला मींड म्हणतो ती थेरेमिनची अंगभूत चाल आहे, आणि मींड टाळायची झाली तरच वादकाला खास कष्ट पडतात: दुसऱ्या हाताने क्षणभर आवाज बुजवायचा, तेवढ्यात पहिला हात नव्या जागी न्यायचा आणि मग आवाज उघडायचा. दोन्हींतून एका वेळी एकच सूर निघतो आणि तो फुलत, ओसरत राहतो. वादकाचा हात जरासा थरथरला की सुराला कंप सुटतो, तोही गळ्यातल्या कंपासारखा.

फरक आहे तो उच्चारात. स्वरतंतूंतून निघणारा मूळ आवाज नुसत्या भुणभुणीसारखा असतो. तोंडाची पोकळी, जीभ आणि ओठ मिळून त्यातले कंप्रतांचे काही पट्टे ठळक करतात. या ठळक पट्ट्यांना आपण अनुनाद म्हणू. ‘आ’ म्हणताना पहिले दोन अनुनाद साधारण ७०० ते १,२०० हर्ट्झच्या दरम्यान शेजारी-शेजारी असतात, तर ‘ई’ म्हणताना एक ३०० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा थेट २,००० हर्ट्झच्या वर जातो. म्हणूनच एकाच सुरात गायलेले ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे कळतात. थेरेमिनला तोंड नाही. त्याचा सूर ‘ऊ’ आणि ‘ओ’ यांच्या अधेमधे कुठेतरी अडकल्यासारखा असतो आणि त्यातून ‘क’, ‘त’, ‘प’ ही व्यंजने तर निघणेच शक्य नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. गायिकेने शब्द म्हटले की ऐकणाऱ्याचे लक्ष लगेच अर्थाकडे जाते आणि थेरेमिन मागे पडते. तिने आकार लावला की दोघांत अंतर फार थोडे उरते. ज्या कोल्हापुरात जयपूर घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी होते, ज्या गावात १८८३ पासूनच्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठकींनी श्रोते घडवले, तिथे खुला आकार म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. जयपूर घराण्याच्या गायकीने या भागातल्या कानांना शब्दांवाचून सुराचा पाठलाग करायला शिकवलेले आहे. या प्रयोगासाठी याहून चांगला श्रोता कुठे मिळणार?

सारखेपणाची अडचण

इतके साम्य असलेले दोन आवाज आपोआपच एकमेकांत मिसळतील, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात साम्य हीच मोठी अडचण ठरते. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत सारख्याच पट्टीत ओरडणारे दोन विक्रेते शेजारी उभे राहिले, की कोण काय विकतो आहे ते कळत नाही. बारीक आवाजाचा एखादा पोरगा मात्र त्याच गर्दीत नेमका ऐकू येतो. एका आवाजाने जवळच्या कंप्रतेचा दुसरा आवाज झाकला जाण्याला ध्वनिशास्त्रात आच्छादन म्हणतात. गळा आणि थेरेमिन एकाच सप्तकात, एकाच जोराने बराच वेळ राहिले, की दोघांचाही चेहरा पुसला जातो आणि उरतो तो एक गुळगुळीत गोंधळ.

पहिला उपाय सप्तकाची वाटणी. गळा मध्य सप्तकात असेल, तर थेरेमिनने खर्जात जावे, किंवा तार सप्तकात अगदी बारीक राहावे. मला स्वतःला खर्जातले थेरेमिन अधिक आवडते. वर गेले की त्याला जुन्या हॉलिवूडचा वास येतो. १९४५ ते १९५१ या काळात तिथल्या चित्रपटांनी भ्रमिष्टपणा आणि परग्रहावरचे पाहुणे दाखवण्यासाठी हे वाद्य इतके वापरले, की अजूनही ते ऐकताच लोकांना भूत आठवते.

दुसरी वाटणी कंपाची. पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेल्या गळ्यातला कंप साधारण सेकंदाला पाच ते सात वेळा होतो. वादकाने हाताचा कंपही त्याच गतीने सुरू केला, तर ते दोन कंप एकमेकांच्या पायात पाय घालतात. एकाने कंप घेतला तर दुसऱ्याने सरळ सूर लावावा, हा साधा नियम पुष्कळ काम भागवतो. आपल्याकडच्या गायकांना हे तुलनेने सोपे जाते, कारण सूर सरळ, ठहरावाने लावण्याची सवय त्यांना पहिल्या दिवसापासून असते आणि आंदोलन ते विशिष्ट स्वरांसाठी राखून ठेवतात.

तिसरी गोष्ट पुन्हा जोडाच्या तारांची. गायिकेचा सूर २२० हर्ट्झवर आणि थेरेमिन २२१ वर असेल, तर सेकंदाला एक हेलकावा पडतो. मैफलीत त्याला बेसूर म्हटले जाईल. ॲम्बियंटमध्ये मात्र तोच हेलकावा पाण्यावरच्या उजेडासारखा हवाहवासा वाटतो. फरक पाच-सहा हर्ट्झवर गेला की तीच गोष्ट फडफडीसारखी टोचू लागते. म्हणजे थोडेसे न जुळणे इथे चालते, पण किती न जुळायचे हे ठरवण्यासाठी पूर्ण जुळवता येणे आवश्यक असते. ‘सगळेच चालते’ असे समजून या प्रकारात उतरणारे इथेच फसतात.

घुमट आणि फेरे

दोन्ही आवाज एका जागेतले वाटावेत म्हणून त्यांना एकच खोली द्यावी लागते. समोरच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज सुमारे एक दशांश सेकंदाहून अधिक उशिरा आला, की तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा त्यासाठी भिंत किमान १७ मीटर दूर हवी. त्याहून जवळच्या असंख्य परावर्तनांतून जो एकसंध घोळ तयार होतो त्याला निनाद म्हणू. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवलेल्या माणसाला या दोन्हींचा अनुभव आलेला असतो. संगणकातले प्रोग्राम असा निनाद गणिताने तयार करतात आणि तो आठ-दहा सेकंदांपर्यंत लांबवता येतो. गळा आणि थेरेमिन दोघांनाही एकाच निनादात सोडले, की ते एकाच घुमटाखाली उभे असल्यासारखे भासतात. मात्र गळ्यातली व्यंजने लांब निनादात चिखलासारखी पसरतात, म्हणून शब्द असतील तिथे निनाद आवरता घ्यावा लागतो.

दुसरे साधन फेऱ्यांचे, ज्याला सगळे लूप म्हणतात. काही सेकंदांचा तुकडा ध्वनिमुद्रित करून तो पुन्हापुन्हा वाजत ठेवायचा. यातली गंमत फेऱ्यांच्या लांबीत आहे. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलेल्या दोन गाड्यांचे इंडिकेटर पाहा. क्षणभर एकत्र लुकलुकतात, हळूहळू सुटतात आणि काही वेळाने पुन्हा जुळतात. एक फेरा ७ सेकंदांचा, दुसरा ११ आणि तिसरा १३ सेकंदांचा असेल, तर तिन्ही पुन्हा एकत्र यायला १,००१ सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे लागतात. तोवर प्रत्येक क्षणी त्यांची मांडणी नवीन असते. ईनोच्या त्या ध्वनिमुद्रिकेतल्या एका भागात माणसांच्या गळ्यातून निघालेले सुटे दीर्घ सूर असेच वेगवेगळ्या लांबीच्या फितींवर फिरवले आहेत. एक फेरा सुमारे साडेतेवीस सेकंदांचा आहे, दुसरा सुमारे सव्वीस सेकंदांचा. ऐकणाऱ्याला पुनरावृत्ती कळते, पण ती पकडता येत नाही. राजारामपुरीतल्या त्या मुलानेही गायिकेचा एक हुंकार, एक लांब पंचम आणि थेरेमिनचा खर्जातला षड्ज असे तीन फेरे सोडून दिले होते, आणि मग दोघेही त्यावर फार थोडे वाजवत-गात होते. माझ्या मते त्यांचे सर्वात शहाणपणाचे काम हेच होते.

एकाच मंचावर दोघे

थेरेमिनला वादकाचा हात आणि दुसऱ्या कोणाचे शरीर यांतला फरक कळत नाही. गायिका कांडीजवळ उभी राहिली, तर तिच्या नुसत्या डोलण्यानेही सूर हलतो. म्हणून ती दीड-दोन मीटर लांब हवी आणि लोखंडी खुर्च्याही दूर हव्यात. वाद्य सुरू करून दहा-पंधरा मिनिटे तापू दिल्यावर मग सुरात लावावे, कारण थंड मंडल हळूहळू सरकत राहते. आर्थिंगचाही त्रास असतो. तीन पिनांच्या सॉकेटमधली आर्थ नुसती शोभेला असेल, आणि अनेक जुन्या घरांत ती तशीच असते, तर सूर अस्थिर होतो. त्या संध्याकाळी सुरुवातीचा पाऊण तास याच शोधात गेला होता.

सर्वात अवघड प्रकार म्हणजे एकाच व्यक्तीने गाणे आणि थेरेमिन वाजवणे. गाण्यासाठी खोल श्वास घ्यावा लागतो, श्वास घेतला की छाती पुढे येते, छाती कांडीजवळ आली की सूर चढतो. गाता गाता श्वास संपत जातो तसा सूर उतरू पाहतो, आणि उजव्या हाताला ही चूक क्षणोक्षणी दुरुस्त करावी लागते. त्यात भर म्हणजे कांडीजवळ स्वर दाटीवाटीने बसलेले असतात आणि दूर गेले की पसरट होतात, त्यामुळे दुरुस्तीचे मापही प्रत्येक ठिकाणी वेगळे.

‘शेवटी हे यंत्रच ना?’

ही शंका त्या दिवशीही निघाली, आणि ती रास्त आहे. पण हार्मोनियम हेही यंत्रच आहे, आणि त्याची पट्टी दाबणारा हात कितीही कच्चा असला तरी सूर नेमका लागतो. थेरेमिनमध्ये तयार सूर कुठेच ठेवलेला नाही. पट्टी नाही, पडदा नाही, तार नाही, बोटाला लागेल असे काहीच नाही. कान चुकला की सूर चुकला. या अर्थाने ते गळ्याच्या जितके जवळ आहे तितके हार्मोनियम कधीच नव्हते. सुरांना आपोआप ठरलेल्या जागी ओढून नेणारी डिजिटल थेरेमिने आता मिळतात आणि नवशिक्यांना ती बरी वाटतात. त्यांत मींडेचा मधला रस्ताच कापला जातो, म्हणून मला ती पटत नाहीत.

‘मग सगळे लॅपटॉपवरच का करू नये?’

करता येते, आणि बरेच जण करतात. थेरेमिनसारखा आवाज काढणारे प्रोग्राम फुकटही मिळतात. संगणकावर रेघ ओढून काढलेली मींड आणि हवेत हाताने घेतलेली मींड यांत फरक असा की दुसरीत माणसाला स्वर शोधावा लागतो. तो किंचित खालून येतो, थबकतो आणि मग बसतो. गळाही नेमके हेच करतो. हे दोन शोध शेजारी ऐकू येणे, हा या मिश्रणातला माझ्यासाठी सर्वात मोठा आनंद आहे. इतिहासाचा उलटा धागाही इथे आहे: संगणकातल्या आवाजांचे पूर्वज असलेले सिंथेसायझर ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते बॉब मूग विशीच्या आत थेरेमिने बनवत होते, आणि १९५४ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला होता.

‘यात राग कुठे आहे?’

बहुतेक वेळा नसतो, आणि असल्याचा दावा करू नये. रागाला चलन, म्हणजे स्वरांची ठरलेली चाल असते, वादी-संवादी हे मुख्य स्वर असतात, विस्ताराचा क्रम असतो. फेऱ्यांवर फिरणाऱ्या संगीताला त्यातले काही पेलत नाही. ज्या फेऱ्यात शुद्ध गंधार अडकला आहे, तो पुढची १७ मिनिटे कोमल गंधार येऊच देणार नाही. म्हणून फेऱ्यांत षड्ज-पंचम एवढेच ठेवावे आणि बाकीचे स्वर गळ्याला मोकळे सोडावेत, असे मला वाटते. याला रागसंगीताचा विस्तार म्हणण्यापेक्षा तानपुऱ्याचा विस्तार म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

कार्यक्रम संपल्यावर ते शिक्षक उठून पेटीसमोर उभे राहिले. उमेदीच्या वयात ते थोडे गाणे शिकले होते. कांडीकडे हात नेताच सूर किंचाळला, मागे घेताच तळाला गेला. दोन-तीन वेळा असेच झाले. मुलगा म्हणाला, ‘‘काका, हाताकडे बघू नका, आधी सा मनात धरा.’’ त्यांनी डोळे मिटले, ओठ बंद ठेवून षड्ज गुणगुणला आणि तो लांबवत हात सावकाश पुढे नेला. खालून वर येणारा तो सूर त्यांच्या हुंकाराजवळ आला, हेलकावे मोठे झाले, संथ झाले आणि थांबले. मग त्यांचा श्वास सरला, छाती मागे गेली आणि सूर केसभर उतरला.